अर्ध्या मिलिमीटरची हद्द

जुन्या संगणकाचा फ्लॉपी ड्राइव्ह बिघडला म्हणजे तो कशाने बिघडला एवढी एक गोष्ट सोडून बाकी सर्व काही कळू लागते. घरातल्या माणसांचे खरे स्वभाव कळतात, शेजाऱ्यांच्या विद्वत्तेची व्याप्ती कळते, भाचे आणि पुतणे इतकी वर्षे आपल्याविषयी मनात काय बाळगून होते तेही कळते. परंतु यंत्राच्या अंतरंगात काय घडले याविषयी प्रत्यक्ष यंत्र मात्र तीनचार ठराविक वाक्यांपलीकडे जबानी द्यावयास राजी नसते. चकतीवर बुरशी आलेली असो, हेडवर मळ बसलेला असो, मोटारीचा पट्टा सैल पडलेला असो, केबल उलटी बसलेली असो, किंवा दाराची मूठ फिरवण्याचे कोणी विसरलेले असो, पडद्यावर ‘नॉट रेडी’, ‘डेटा एरर’, ‘सेक्टर नॉट फाउंड’ यांपैकी काहीतरी उमटते. आणि यांतले कोणते उत्तर कोणत्या गुन्ह्यास लागू आहे, याविषयी माहितीपुस्तकाचे मत आणि प्रत्यक्ष अनुभव यांची गाठ सहसा पडत नाही.

त्या उत्तराखाली डॉस नावाची ती मितभाषी राज्यव्यवस्था आपणांस विचारते: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर? म्हणजे काम सोडून देता, पुन्हा करून पाहता, की काही घडलेच नाही असे समजून पुढे चालता? आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी, ज्यांची सबंध हयात भूमिअभिलेख खात्यात गेली आणि ज्यांना मोजणी, फेरफार आणि हरकत या तीन शब्दांवाचून जगातील कोणत्याही घटनेचे वर्णन करता येत नाही, हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा त्यांच्या मुद्रेवर अत्यंत समाधान पसरले होते असे सांगतात. “जावईबापू,” ते मला पुढे एकदा म्हणाले, “या तीन कलमांवर मी नोकरी पुरी केली. चौथ्याची गरज कधी पडली नाही.” डॉसच्या पुढच्या आवृत्त्यांत ‘फेल’ असे चौथे कलम घालण्यात आले आहे, हे कानावर आल्यावर मामांनी आपली जुनी आवृत्ती बदलण्याचा विचार कायमचा रहित केला.

मामांचा संगणक हा आयबीएमने १९८३ साली काढलेल्या एक्सटी या यंत्राची एक निनावी नक्कल असून तो त्यांनी नोकरीत असतानाच एका बुडीत गेलेल्या पेढीच्या लिलावात घेतला. त्यात हार्ड डिस्क नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह आहेत. डावीकडचा ए आणि उजवीकडचा बी. घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी या जातीच्या यंत्रांत मुळातच नसल्याने दर वेळी सुरू होताना तो आज मंगळवार, १ जानेवारी १९८० आहे असे नम्रपणे सुचवतो आणि खरी तारीख विचारतो. मामा ती हजेरीपटावर सही करावी तशा गांभीर्याने भरतात, आणि मगच चहा घेतात. ए मध्ये वर्डस्टारची चकती आणि बी मध्ये आपल्या मजकुराची चकती, ही त्या काळची सर्वमान्य कार्यपद्धती होती, व तिला अनुसरून मामांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत बी ड्राइव्हच्या साहाय्याने आपल्या घराण्याचा समग्र कुलवृत्तांत लिहून काढला. तो रोमन लिपीत लिहिला. कारण संगणकावर देवनागरी उमटवणारे जिस्ट कार्ड पुण्याच्या सीडॅककडून मिळत असले तरी, ज्या यंत्राची किंमत लिलावात ठरली त्याच्या अंगावर नवे कार्ड घालणे हे मामांच्या अर्थशास्त्रात बसण्यासारखे नव्हते.

कुलवृत्तांताची एक छापील प्रतही होती. ती माळ्यावर होती आणि तिचा परामर्श वाळवीने आमच्याआधी घेतला. आता घराण्यातील तरुण पिढीस अकस्मात पूर्वजांचे प्रेम दाटून आले, छपाईसाठी वर्गणी जमली, मानपत्राचा मसुदाही झाला, आणि मामांनी ट्रंकेतून फ्लॉप्या काढून बी ड्राइव्हमध्ये पहिली चकती सरकवली. तर बी ड्राइव्हने काहीशी घरघर केली, तांबडा दिवा लावला, आणि आपण तयार नसल्याचे कळवले.

चकती ए मध्ये घालून पाहावी ही सूचना अर्थातच सर्वांनी केली. परंतु बी ने लिहिलेले ए ला कधीच वाचता येत नसे, हे मामांना प्रारंभापासून ठाऊक होते, आणि दोन शेजाऱ्यांमधील जुन्या वैमनस्याकडे पाहावे तसे ते त्याकडे पाहत. ए चा स्वभाव थोडा मानी आहे, इतकेच ते म्हणत. या एका वाक्यात सबंध प्रकरणाचा उलगडा दडलेला होता; पण चौकशी समित्यांचा शिरस्ता असा आहे की उलगडा कागदपत्रांत पहिल्याच पानावर असला तरी शेवटचे पान लिहून झाल्यावाचून तो कोणी वाचत नाही.

नातेवाइकांच्या सूचनांचे मी येथे सविस्तर टिपण देत नाही. एकाने फुंकर मारावयास सांगितले, एकीने चकत्या उन्हात ठेवाव्यात म्हटले, आणि बंगळूरला मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका भाच्याने दूरध्वनीवरून “फॉर्मॅट मारा” असा दोन शब्दांचा हुकूम सोडला. फॉर्मॅट करणे म्हणजे चकती कोरी करून नव्याने आखणे हे समजल्यावर मामांनी त्याच्याशी सहा महिने बोलणे टाकले. “गावाची मोजणी नीट व्हावी म्हणून आधी गाव उठवा म्हणतो,” ते म्हणाले, “उद्या हा कलेक्टर व्हायचा.”

दुसरा एक पुतण्या, जो प्रत्यक्ष अभियंता आहे आणि म्हणून अधिक धोकादायक होता, त्याने यंत्राचे झाकण काढले आणि आत डोकावून विजयी मुद्रेने जाहीर केले की दोष सापडला: केबल पिळवटली आहे. ती खरोखरच पिळलेली होती. चौतीस तारांच्या त्या चपट्या पट्टीतील दहाव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या सात तारा मध्येच सोडवून, उलट्या फिरवून, पुन्हा दाबून बसवलेल्या असतात. आणि पाहणाऱ्यास वाटते की कारखान्यातल्या एखाद्या झोपाळू माणसाच्या हातून घडलेला हा प्रमाद आहे. वस्तुतः ती आयबीएमची युक्ती आहे. दोन्ही ड्राइव्हांची ओळख सारखीच, दोन्ही ‘दुसरा’ म्हणूनच नेमलेले. ज्याच्या वाट्याला पिळलेले टोक येते तो ए होतो आणि ज्याच्या वाट्याला सरळ भाग येतो तो बी. विक्रेत्याला ड्राइव्हवरचे चिमुकले दुवे बदलत बसावे लागू नये म्हणून दोघांचे जन्मनक्षत्र एका पिळावर सोपवलेले. पुतण्याने तो पीळ काढून नवी सरळ केबल घातली, तेव्हा दोन्ही ड्राइव्ह आपण बी असल्याचा दावा करू लागले, ए चे अस्तित्वच संपुष्टात आले, आणि यंत्र सुरू होईना. जुनी केबल परत बसवताना तिचे एक टोक उलटे बसले. तसे झाले की ड्राइव्हचा दिवा लागतो तो विझतच नाही, त्या दिव्याकडे पाहून मामी म्हणाल्या, “निदान हा तरी लागला.”

या ठिकाणी विषयास थोडा धरून आणि थोडा सोडून एक गोष्ट सांगितली पाहिजे. फ्लॉपीचे नाव काढताच हसणाऱ्या तरुणांस मी नेहमी सांगतो की या चकत्यांनी जगात काही लहानसहान कारभार केलेला नाही. आयबीएमने आठ इंची फ्लॉपी १९७१ साली बाजारात आणली. तेथून आधीच बाहेर पडलेल्या ॲलन शुगार्ट यांनी स्थापन केलेल्या कंपनीने १९७६ साली सव्वापाच इंची ड्राइव्ह काढला, ज्याचा आकार एका मद्यालयातील कागदी रुमालावरून ठरला अशी आख्यायिका आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलांना आदेश पोचवणारी एक यंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची चकत्यांवर चालली होती. सोनीने २०११ साली फ्लॉप्यांची विक्री थांबवली, तरी जपानच्या सरकारी नियमांतून फ्लॉपीची सक्ती हद्दपार व्हावयास २०२४ साल उजाडावे लागले. मामांना मी जपानची ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ विचारमग्न होते. मग म्हणाले, “घाई केली.”

तर केबल जागेवर आली, ए पुन्हा ए झाला, आणि चौकशी चकत्यांकडे वळली. चकतीच्या आवरणाला जी लांबट खिडकी असते तीतून आत पाहत, मधले भोक बोटाने धरून चकती हळूहळू फिरवली असता तीवर फिकट पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी दिसू लागली. ती बुरशी होय. अनेक पावसाळे ट्रंकेत काढलेल्या चकत्यांवर ती येते, आणि बिघाडाच्या तपासात तिच्याइतकी घातकी वस्तू दुसरी नाही; कारण ती साक्षीदार फितवते. बुरशी आलेली चकती फिरली की तिचा मळ हेडला चिकटतो. मळके हेड पुढच्या, म्हणजे शाबूत म्हणून मुद्दाम आणलेल्या चकतीवर टेकते आणि तिच्या लोहथरावर ओरखडा काढते. आणि मग जी चकती ड्राइव्ह निर्दोष आहे की नाही याची ग्वाही देण्यास आली, ती स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन बसते. शहाणे लोक ड्राइव्ह तपासताना खात्रीची चकती घ्या आणि चकती तपासताना खात्रीचा ड्राइव्ह घ्या असे सांगतात. हा उपदेश निर्दोष आहे. तो पाळण्यास आवश्यक ती एकही वस्तू घरात नसते, एवढीच त्यातील अडचण.

हेड स्वच्छ करण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. मामींनी करोनाच्या साथीत जमवलेला आणि अद्याप संपता न संपणारा सॅनिटायझरचा साठा पुढे केला. हाताची कातडी मऊ राहावी म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेले असते, आणि हेडची कातडी मऊ राहण्याची आवश्यकता नसल्याने ते तेथे नुसते चिकट लेपासारखे बसते. म्हणून औषधाच्या दुकानातून शुद्ध द्रव आणवला. कापूस फिरवताच तांबूस तपकिरी मळ निघाला. तो मळ म्हणजे घराण्याच्या एखाद्या शाखेचा काही अंश असण्याची शक्यता मी बोलून दाखवली, ती मामांना आवडली नाही.

हेड स्वच्छ झाले तरी बी तयार होईना. आता पट्ट्याची पाळी आली. या जुन्या, दुप्पट उंचीच्या ड्राइव्हांत मोटार एका बाजूला आणि चकती फिरवणारी चकरी दुसऱ्या बाजूला असून दोहोंना एक पट्टा जोडतो. चकरी मिनिटाला ३०० फेरे घेते असे गृहीत धरून सर्व मजकूर लिहिलेला असतो. पट्टा सैल पडला की फेरे घटतात आणि नियंत्रकाला अक्षरे ओढून बोललेली ऐकू येतात. नवा पट्टा तपकीर गल्लीत मिळाला. तो कोणत्या यंत्राचा होता हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. प्रश्न उरला वेग बरोबर बसवण्याचा.

त्यासाठी त्या यंत्राच्या कर्त्यांनी जी सोय करून ठेवली आहे ती पाहून मला प्रथमच त्यांच्याविषयी आदर वाटला. चकरीच्या तळाशी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची दोन वर्तुळे असतात: एक साठ आवर्तनांच्या विजेसाठी, म्हणजे अमेरिकेसाठी, आणि दुसरे पन्नास आवर्तनांच्या, म्हणजे आपल्यासाठी. ट्यूबच्या दिव्याखाली चकरी फिरू द्यावी. आपल्याकडची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, चकरी सेकंदाला पाच फेरे घेते, आणि वेग अचूक असेल तर आपल्या वर्तुळातील पट्ट्या फिरत असूनही स्तब्ध उभ्या दिसतात. वेग कमी असेल तर त्या मागे सरकतात, जास्त असेल तर पुढे. मग एक बारीक स्क्रू पिळायचा, इतकेच. कोणतेही उपकरण नको. फक्त दिवा हवा तो जुन्या लोखंडी चोकचा आणि स्टार्टरचा; आणि मामींनी वीजबिलाच्या धसक्याने घरातील यच्चयावत ट्यूबा काढून एलईडी बसवल्या होत्या, ज्यांच्या संथ उजेडात चकरीच्या पट्ट्यांचा नुसता राखाडी पट्टा दिसत असे.

शोधाअंती तशी ट्यूब इमारतीच्या सामायिक जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सापडली. ती बदलण्याचा ठराव सोसायटीच्या दर वार्षिक सभेत मांडला जाई आणि खर्च कोणत्या खात्यातून करावा या मुद्द्यावर तहकूब होई. मामा स्वतः त्या तहकुबीचे सूचक असत, त्यामुळे दूरदृष्टीचे श्रेय घेण्यास त्यांनी विलंब लावला नाही. ड्राइव्हला वीज यंत्रातूनच मिळते; सबब सबंध यंत्र पडद्यासह जिन्यात आणले गेले. एका हातात पेचकस घेऊन मामा पायरीवर पालथे झाले, मी विजेरी धरू नये म्हणून मला ताकीद मिळाली, आणि वरखाली जाणारे सभासद यंत्रावरून पाय टाकताना आपापले अभिप्राय देत गेले. दूधवाल्याने विचारले की मीटर बदलतात का. तळमजल्यावरच्या काकूंना वाटले की जिन्यात प्रेत आहे. परंतु संध्याकाळच्या सुमारास त्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या डुगडुगत, रेंगाळत, अखेरीस जागच्या जागी थबकल्या, आणि फिरणारी वस्तू स्थिर दिसण्याचा तो चमत्कार पाहून आम्हा दोघांस काही वेळ कुलवृत्तांताचे विस्मरण झाले.

वेग बसला, पण हेड जागचे हलेना. ज्या दांड्यांवरून ते आतबाहेर सरकते तेथले वंगण तीस वर्षांत मेणासारखे थिजले होते, आणि त्यापुढचे काम हाताला सवय असलेल्या माणसाचे होते. असा एक माणूस बुधवार पेठेत निघाला. वयाने मामांच्याच बरोबरीचा. पूर्वी हजारो ड्राइव्ह त्याच्या हाताखालून गेलेले. दुकानात आता तो मोबाइलचे चार्जर विकत असे, पण मागच्या खोलीत ऑसिलोस्कोप अजून झाकून ठेवलेला होता. मामांनी ड्राइव्ह त्याच्या स्वाधीन केला. चकत्या मात्र दिल्या नाहीत. मूळ दस्तऐवज कचेरीबाहेर नेण्याचा शिरस्ता नाही, हे त्यांनी त्यास स्पष्ट सांगितले.

तो माणूस प्रामाणिक होता, आणि अनर्थ झाला तो त्याच्या प्रामाणिकपणानेच. त्याने वंगण बदलले, हेड पुन्हा स्वच्छ केले. एवढ्यावर पैसे घेऊन तो थांबू शकला असता. परंतु आपल्याजवळच्या चकत्या लावून पाहता त्याच्या ध्यानात आले की या ड्राइव्हचे हेड मुळातच जागेवर नाही, थोडे सरकलेले आहे. त्याने कपाटातून आखणीची खास चकती काढली, ऑसिलोस्कोपवरचे फडके उचलले, आणि पडद्यावर ज्याला या धंद्यातले लोक ‘कॅट्स आय’ म्हणतात ती आकृती आणली. तीत मांजराच्या डोळ्यांसारखे दोन फुगवटे शेजारी शेजारी दिसतात. हेड वाटेच्या बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही सारखे, एका बाजूस कलले असेल तर एक मोठा आणि एक बारीक. बीचा एक डोळा जवळजवळ मिटलेला होता. स्क्रू सैल करून, हेडची बैठक केसाएवढी सरकवून, त्याने दोन्ही डोळे सारखे केले आणि स्क्रू लाखेने पक्के केले. मग त्याने आमच्यादेखत जगातील कोणाचीही चकती बी मध्ये घालून दाखवली. बी ने ती वाचली. ए ने लिहिलेलीही वाचली. अनेक वर्षांचे वैमनस्य मिटले असे म्हणून मामांनी त्यास पेढा दिला.

घरी येऊन कुलवृत्तांताची पहिली चकती लावली. सेक्टर नॉट फाउंड. दुसरी. तिसरी. बी आता सर्वांचे वाचत होता. वाचत नव्हता तो फक्त स्वतःचे.

मामा त्या रात्री जेवले नाहीत. मात्र सकाळी मला दूरध्वनी करून बोलावले तेव्हा त्यांच्या आवाजात खात्यातला जुना दरारा परत आला होता. जमिनीवर एक कोरी फ्लॉपी ठेवून त्यांनी मला समोर बसवले. या चकतीवर, ते म्हणाले, प्रत्येक बाजूस चाळीस वाटा, प्रत्येक वाटेत नऊ हिस्से, प्रत्येक हिश्शात ५१२ अक्षरे. दोन्ही बाजू मिळून ३,६८,६४०. कोणता हिस्सा कोणाच्या नावे याची नोंदवही दोन प्रतींत, पण दोन्ही प्रती एकाच वाटेवर शेजारीशेजारी, म्हणजे एकाच कपाटात. हा मूर्खपणा आमच्याही खात्यात होता, तेव्हा त्याविषयी बोलत नाही. एका वाटेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर किती? इंचात ४८ वाटा, तेव्हा अर्धा मिलिमीटर. आता समजा, एका मोजणीदाराची शंकुसाखळी तेहतीस फुटांची असावयास पाहिजे ती थोडी ताणलेली आहे. त्याने त्या साखळीने सबंध गाव मोजले. सगळे बांध चुकले. पण सगळेच सारखे चुकले, म्हणून गावात तंटा नाही. जो तो आपल्या बांधाच्या आत सुखाने नांदतो. पुढे कोणी सज्जन नवी, बरोबर साखळी घेऊन आला. “काय होईल, जावईबापू?”

मी म्हणालो, “सगळ्यांचे पाय दुसऱ्याच्या शेतात पडतील.”

“बीचे तेच झाले,” मामा म्हणाले. “त्याचे डोळे सरळ केले, आणि त्याला स्वतःचे गाव सापडेना.”

म्हणजे बी जन्मापासून किंवा लिलावापासून वाकडा होता, सारा कुलवृत्तांत त्याने वाकड्या वाटेने लिहिला होता, आणि तो वाकडेपणा हीच त्या मजकुराची एकमेव किल्ली होती. ए मानी नव्हता. तो सरळ होता. बंगळूरच्या भाच्याने, ज्याच्याशी बोलणे आता मामीमार्फत सुरू झाले होते, चकतीवरील चुंबकीय लहरी जशाच्या तशा टिपून घेणारे एक आधुनिक साधन पाठवण्याची तयारी दाखवली. ते उत्तमच असते. पण त्यालाही ऐकू यावयाचे तर हेड त्या वाटेवर जाऊन बसलेले असले पाहिजे, आणि प्रश्न तेवढाच होता.

सबब दुसऱ्या दिवशी मामा बुधवार पेठेत गेले आणि त्यांनी ड्राइव्ह पूर्ववत बिघडवून मागितला.

इतक्या वर्षांच्या धंद्यात त्या माणसाने नाना प्रकारची गिऱ्हाइके पाहिली असतील. पण ही मागणी ऐकून तो उठून उभा राहिला. काम बिघडले तर पैसे परत करीन, म्हणाला, पण बिघडवण्याचे काम हातून होणार नाही. मामांनी जमिनीचे उदाहरण दिले. त्याची जमीन नव्हती. बराच वादविवाद झाल्यावर त्याने अट घातली की तसे लेखी द्या; उद्या कोणी हा ड्राइव्ह पाहिला तर माझ्या कामाविषयी काय म्हणेल? लेखी देण्याची संधी मामांना निवृत्तीनंतर प्रथमच मिळत होती. त्यांनी तेथेच कागद मागवून अर्ज लिहिला. विषय: अस्तित्वात असलेली दुरुस्ती रद्द होऊन मूळ बिघाड कायम करून मिळणेबाबत. खाली सही, दिनांक, आणि ‘माझे राजीखुशीने’.

सरळ करण्यास मांजराचे डोळे होते; किती वाकडे करावे हे सांगणारे उपकरण नव्हते. मूळ वाकडेपणाची नोंद कोणी ठेवली नव्हती, आणि ती फक्त चकत्यांवरच होती. म्हणून अखेर मूळ दस्तऐवज कचेरीबाहेर काढणे मामांस भाग पडले. चकती मांडीवर घेऊन ते दुकानात ठाण मांडून बसले. तो माणूस स्क्रू सैल करी, बैठक नखाच्या टोकाएवढी सरकवी, चकती लावी. यंत्र विचारी अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. मामा म्हणत, रिट्राय. एका बाजूस सरकवून काही लागेना म्हणून दुसऱ्या बाजूस सरकवले. चार्जर घ्यावयास आलेली गिऱ्हाइके दारात थांबून पाहू लागली. आणि दुपारी केव्हातरी पडद्यावर फायलींची नावे धडाधड उतरली: शाखा एक, शाखा दोन, दत्तकविधान, परागंदा. त्या माणसाने लाख लावण्यासाठी हात पुढे केला तेव्हा तो किंचित थरथरत होता. आयुष्यात प्रथमच तो एक चुकीची गोष्ट पक्की करीत होता.

मग बी मधून वाचून ए मध्ये लिहिण्याचे काम निर्वेध पार पडले, आणि वाकड्या वाटेवरचे घराणे सरळ वाटेवर येऊन वसले. पुढच्या लहान अडचणींचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी करतो. वर्डस्टारला प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर एक गुप्त खूण करण्याची खोड होती, त्यामुळे नव्या संगणकावर प्रत्येक पूर्वजाच्या नावाचे शेपूट विचित्र चिन्हांत संपू लागले. ती खूण पुसणारा एक छोटासा प्रोग्रॅम त्या अभियंत्या पुतण्याने लिहिला आणि केबलच्या प्रकरणातून त्यास माफी मिळाली. रोमन लिपीमुळे काळे आणि काले, बाळ आणि बाल हे एकाच पोशाखात वावरत असल्याने कोण कोणाच्या घरी दत्तक गेला याविषयी दोन शाखांत नवा वाद उद्भवला आहे. तो न्यायप्रविष्ट होईल असा रंग दिसतो, आणि मामा त्यात पुराव्यादाखल मूळ चकत्या हजर करण्याच्या तयारीत आहेत.

बी ड्राइव्ह यंत्रात परत बसला आहे. तो आपल्याखेरीज कोणाचेही वाचत नाही. घरात येणाऱ्या तरुणांपैकी एखादा दर महिन्यास त्याकडे पाहून अस्वस्थ होतो आणि याची आखणी दहा मिनिटांत सरळ करून देतो असे म्हणत पेचकस शोधू लागतो. म्हणून मामांनी त्याच्या दर्शनी भागावर, खात्यातल्या वळणदार अक्षरांत, एक सूचना चिकटवली आहे: ‘या ड्राइव्हमधील बिघाड सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने कायम ठेवण्यात आला आहे. विनापरवाना दुरुस्ती करू नये.’